सरांचा दारातला निरोप

घाटोळे सरांची आणि माझी पहिली भेट जरीपटक्यातल्या त्यांच्या इंग्रजी संभाषणाच्या वर्गात झाली. मिहानमधल्या एका कंपनीत फोनवर बोलायची नोकरी मला हवी होती आणि माझं इंग्रजी ‘गुड मॉर्निंग’च्या पुढे सरकत नव्हतं. आज सरांच्या पंचाहत्तरीच्या सत्कारानिमित्त लिहायला बसले, तर आधी आठवतो तो त्यांचा दारातला निरोप.

वर्ग सुटला की सर दारात उभे राहत आणि प्रत्येकाला वेगळं वाक्य देत. पुन्हा भेटायचं नक्की असेल तरच ‘सी यू’. आजाऱ्याला किंवा प्रवासाला निघालेल्याला ‘टेक केअर’. ‘गुड बाय’ त्यांनी शिकवलं, पण कधी वापरलं नाही. “आपण घरून निघतानी ‘जातो’ म्हणतो का गा? ‘येतो’च म्हणतो ना? मग हे काहून म्हणायचं?” असं ते विचारत. मनात नसलेला शब्द तोंडावर आणू नये, हा त्यांचा दंडक होता.

एका संध्याकाळी, बुटीबोरीच्या कारखान्यात काम करणाऱ्या, आमच्याच वर्गातल्या प्रकाशला सर ‘गुड बाय’ म्हणाले. आम्ही हसलो. सर मात्र स्वतःच्याच आवाजाने दचकले. प्रकाश घरी पोचलाच नाही. रस्त्यात त्याला ट्रकने उडवलं. त्याच्या आईची औषधं सर आजही स्वतः नेऊन देतात.

पुढे माझे बाबा दवाखान्यात होते. डॉक्टरांनी आशा सोडली होती, तेव्हा सर भेटायला आले. निघताना ते बोलणार, तोच आईने माझा हात घट्ट धरला. प्रकाशचं तिला ठाऊक होतं. “सी यू, भाऊ,” सर म्हणाले. बाबा आजही सकाळी फिरायला जातात. सरांचे ते उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

या लेखासाठी गेल्या आठवड्यात मी सरांकडे गेले होते. चहा झाला, गप्पा झाल्या. “येते, सर,” म्हणून मी चपला घातल्या.

“गुड बाय, बेटा.”

मी जागीच थिजले. “सर, हे कोणासाठी? तुमच्यासाठी की माझ्यासाठी?”

“मले काय माहीत वं! तोंडातून निघून गेलं.”

“‘सी यू’ म्हणा ना, सर,” मी विनवलं. त्यांनी ओठ हलवले. शब्द आला नाही.

सरांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, ही मनापासून प्रार्थना. आणि सत्काराच्या दिवशी त्यांना हार घालायला मीही असो.