निरगुडे सरांना न आवडलेली जीप

वसंतराव निरगुडे यांना मी प्रथम पाहिले तेव्हा ते एका जीपखाली आडवे झाले होते. गंगापूर रोडवरच्या मैदानात जुन्या गाड्यांचा मेळावा भरला होता आणि मी स्मरणिकेसाठी चार ओळी लिहायला गेलो होतो. गाडीखालून एक हात बाहेर आला. "बॅटरी धरा जरा. डोळ्यांत नको, सांध्यावर." मी धरली. बाहेर आल्यावर ते मालकाला म्हणाले, "हा सांधा नवा आहे. कानशीने घासून जुना केलाय. मेहनत मात्र चांगली घेतलीत." ते मेळाव्याचे परीक्षक होते; गाडी बाद झाली. माझे नाव त्यांनी त्यानंतर विचारले.

देवळालीला लष्कराच्या लिलावात निघालेल्या जीपगाड्या एके काळी नाशिकच्या लोकांनी घेतल्या, कापल्या, जोडल्या, मनासारख्या रंगवल्या. परदेशात अशा फेरफार केलेल्या गाड्यांना हॉट रॉड म्हणतात. आपल्याकडे त्यांना नाव नव्हते, हौस होती. मेळाव्यात त्यांचा स्वतंत्र गट सरांच्या आग्रहामुळे सुरू झाला. नियम एकच होता. फेरफार कितीही असो, तो त्या काळच्या हत्यारांनी आणि सामानाने झालेला असावा, किंवा होऊ शकणारा असावा. सर तंत्रनिकेतनात यंत्ररेखन शिकवत. रेषा कुठून आली हे विचारायची त्यांना सवय होती.

निकाल देताना ते छातीवर परीक्षकाचा बिल्ला लावून बोलत. पत्रा, सांधे, रंग. काय त्या काळचे, काय नाही. मग बिल्ला काढून खिशात ठेवत आणि म्हणत, "आता माझी आवड. हिला गुण नाहीत." त्यांना बुटकी, एकरंगी, दागिने नसलेली गाडी आवडे. हे ते लपवत नसत. काळ तपासता येतो, आवड तपासता येत नाही, म्हणून ती वेगळी सांगावी, एवढेच त्यांचे म्हणणे होते. इतके साधे म्हणणे इतक्या लोकांना इतकी वर्षे कळू नये, याचे मला अजून नवल वाटते.

लोकांना बिल्ला काढल्यानंतरचेच ऐकायचे असे. "सर, बिल्ला काढा ना लवकर," अशी हाक गर्दीतून येई. सर हसत. लोक ऐकून जात आणि पुढच्या वर्षी तसे करून येत. हळूहळू मैदानातल्या सगळ्या गाड्या बुटक्या आणि गडद निळ्या झाल्या. नवे परीक्षक त्याला 'निरगुडे वळण' म्हणू लागले. मग समितीने ते वळण नियमांत घातले. सरांना विचारले नाही. सरांचा सन्मान करायचा तर सरांना कशाला विचारायचे?

बाद केलेल्या माणसाला सर वाऱ्यावर सोडत नसत. सातपूरच्या एका फिटरची गाडी त्यांनी हेडलाइटच्या काचेवरून बाद केली आणि पुढच्या रविवारी त्यालाच बरोबर घेऊन मालेगावच्या भंगारबाजारात गेले. उन्हात दिवसभर फिरल्यावर काच मिळाली. परतताना फिटर म्हणाला, "सर, आधीच पास केलं असतं तर दोघांचं डोकं तापलं नसतं." सर म्हणाले, "डोकं निवेल. काच खोटी होती."

आता रामदास थेटे यांच्या जीपविषयी. सरांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात ते लिहू नये असे मला सुचवण्यात आले. ते वगळले तर सरांविषयी लिहिण्यासारखे फार थोडे उरते.

थेटे मखमलाबादकडे फुलशेती करतात. त्यांच्या वडिलांनी लिलावातली जीप घेऊन तिचे शेपूट डब्यांच्या पत्र्याने लांबवले होते आणि टोकाला वर वळवले होते. मागे बसचे लाल दिवे. बॉनेट पोपटी, अंग पिवळे. सर तिच्याभोवती बराच वेळ फिरले, पत्रा जोडणाऱ्या रिबिटांवरून बोट फिरवले. "सगळं त्या काळचं. असं अस्सल काम मी इथं दुसरं पाहिलं नाही." मग बिल्ला काढला. "मला बघवत नाही."

थेटे मोठ्याने हसले. "माझ्या आईलाबी बघवत नव्हतं सर. म्हणायची, ह्या मोराला माझ्या दारात नका लावू."

त्या वर्षी सरांच्या नावाचा चषक सुरू झाला होता. सरांनी तो या जीपला द्यायला सांगितले. समितीने गाडी गटातूनच काढली. ती वळणात बसत नव्हती.

"मी पास केलीय ती," सर म्हणाले.

"सर, तुमचं मन मोठं आहे," अध्यक्ष म्हणाले. "पण चषकाला तुमचं नाव आहे. तुमच्या नावाला शोभेल असं नको का?"

"माझ्या नावाला काय शोभतं ते मला विचारा."

"तुम्हाला त्रास कशाला द्यायचा, सर?"

मतदान झाले. सरांच्या बाजूने सरांचेच मत पडले.

सर थेट्यांच्या मळ्यावर गेले. गाडीला हात लावू नका, असे त्यांनी बजावले. थेटे म्हणाले, "सर, पोराच्या लग्नात लोक इचारतील, नापास झालेली गाडी हीच का?" पावसाळ्यानंतर जीप अंबडच्या एका गॅरेजात गेली.

पुढच्या मेळाव्यात ती बुटकी आणि गडद निळी होऊन आली. चषक तिला मिळाला. सर तो द्यायला व्यासपीठावरून उतरले, गाडीच्या मागे गेले, सपाट केलेल्या पाठीवर हात ठेवला.

"शेपूट कुठंय?"

"भंगारात घातलं, सर. तुम्हाला आवडंल तसंच केलंय समदं. आवडली ना?"

सर खोटे बोलत नाहीत. "आवडली," ते म्हणाले. "हेच वाईट झालं." टाळ्या इतक्या होत्या की दुसरे वाक्य पुढच्या रांगेलाही ऐकू गेले नाही. ज्या गाडीसाठी ते भांडले ती जगात उरली नव्हती, आणि तिला संपवणारी त्यांचीच आवड होती. त्यांनी ती कोणावर लादली नव्हती. ती आपण उचलली.

सर पंचाहत्तर वर्षांचे झाले. त्यांना पुष्कळ आयुष्य लाभावे, त्यांची नजर आणि गुडघे शाबूत राहावेत, असे मी मनापासून म्हणतो. ते आहेत तोवर आपण त्यांच्या नावावर काही खपवू लागलो की ते उठून सांगू शकतात, "मी असं म्हटलं नव्हतं." आपण ऐकत नाही, हे खरे. पण निदान ते न ऐकणे त्यांच्या तोंडावर करावे लागते. ही अडचण आपल्याला खूप वर्षे पुरो.