हौसाच्या भेंडीकडे वळणारा बॉल

वज्रेश्वरीच्या रस्त्याला हौसाचा पाच गुंठ्यांचा तुकडा होता. त्यात भेंडी. दिवसाआड तोडायची आणि पाटी घेऊन धामणकर नाक्यावर बसायचं, हा तिचा वीस वर्षांचा रिवाज. बांधापलीकडची जमीन तिच्या दिराची, रामनाथची. त्यानं बरीचशी जमीन गोडाऊनवाल्यांना दिली आणि २००५ साली उरलेल्या पट्ट्यात भाताऐवजी गोल्फची प्रॅक्टिस सुरू केली. टोकाला लाल झेंडा रोवला. आसपासचे जमीनमालक गळ्यात चेन घालून बॉल मारायला यायला लागले.

मैदानाच्या डाव्या अंगाला ओढा, उजव्या अंगाला हौसाची भेंडी. ओढ्यात एकाचाही बॉल गेला नाही. सगळे भेंडीत. पहिल्याच आठवड्यात अठरा झाडं मोडली.

"जाळी लावतंय ना, वैनी," रामनाथ म्हणायचा. जाळी काही लागली नाही. "नायतर असं कर, त्यो तुकडाच मना देऊन टाक. गाड्या लावायला व्हईल."

एकदा चिडून हौसा चार माणसांत बोलून गेली, "होळीपर्यंत भेंडी उभी न्हाय राहिली, तर घ्या तुकडा." शब्द फिरवायची त्या घरात पद्धत नव्हती. तिचा नवरा असाच बोलून एकदा बैलजोडी देऊन बसला होता.

शिकवायला ठाण्याहून विवेक मास्तर यायचे. त्यांच्याकडे फोटोंचं पुस्तक होतं. "हात जातो तिकडे बॉल निघतो, आणि स्टिकचं तोंड बघतं तिकडे वळतो," ते सांगायचे. "म्हणून तोंड झेंड्याकडे ठेवा." सगळे तोंड झेंड्याकडे ठेवायचे. बॉल झेंड्याच्या दिशेनं नीट निघायचा, आणि अर्ध्यावर काहीतरी आठवल्यासारखा भेंडीकडे वळायचा.

हौसा पंधरा दिवस बांधावर बसून बघत राहिली. मग एका रविवारी पदर खोचून मैदानात आली आणि जमीन बघत चालू लागली. फटक्यासरशी गवताची सालपटं निघाली होती. प्रत्येक चरा ओढ्याकडे तिरका.

"भावजी, तुमी भात कापताय," ती म्हणाली.

"आं?"

"इळा वढतात तसा हात वढताय. पोटाकडं, डाव्या अंगाला. ह्ये सगलेच वढतान. जन्मभर कापणी केली, हात दुसरं कं करल?"

चेनवाले आपापल्या हातांकडे बघू लागले.

"हात डावीकडे गेला तर बॉल डावीकडे निघायला हवा," मास्तर म्हणाले. "पुस्तकात आहे."

"पुस्तक माज्या भेंडीत बसलं व्हतं का? बॉल निघतो तोंड बघल तिकडं. मंग हात ज्या अंगाला गेला, त्याच्या उलट्या अंगाला पळतो. तोंड झेंड्याला, हात वढ्याला. मंग बॉल माज्या भेंडीत."

"मग करायचं काय?" रामनाथनं विचारलं.

"तोंड हाय तिथंच ठेवा. हात माज्या भेंडीकडं फेका."

"तुज्या भेंडीकडं? वैनी, मंग मोडली तर माज्या नावानं वरडू नको."

"फेका."

हौसा भेंडीच्या कडेला जाऊन उभी राहिली. रामनाथनं डोळे बारीक केले आणि वहिनीच्या अंगावर काठी भिरकावावी तसा हात उजवीकडे फेकला. बॉल झेंड्याच्या दिशेनं निघाला, अर्ध्यावर गेला आणि डावीकडे वळून ओढ्यात पडला.

मग बाकीच्यांनी तसंच करून बघितलं. जेवणाच्या वेळेपर्यंत ओढ्यात तेवीस बॉल होते, भेंडीत एकही नाही. मास्तर पुस्तकाची पानं पुढं-मागं करत होते.

होळीला भेंडी कंबरेइतकी होती. रामनाथ बांधावर आला. मागच्या महिन्यात त्यानं बॉलची तिसरी पेटी आणली होती.

"वैनी, आता वढ्यात जातान सगलं. मधोमध जायला कं करायचं?"

"मास्तरांना इचारा," हौसा म्हणाली आणि पुढच्या झाडाकडे वळली. "मना तोडणी हाय."