दादाच्या बाटल्यांवरचं नाव

आमच्या प्रयोगशाळेतला कचरा रोज सकाळी उचलला जातो, किस्से मात्र साचतच राहतात. दादा गेल्यापासून तर चहाच्या वेळी जो तो मला दादाचेच किस्से सांगतो. हसतात, मग माझ्याकडे बघून गप्प होतात. अरे, हसा ना! माझा राग तुमच्या हसण्यावर नाही.

दादा, माझा मोठा भाऊ, तिथे टेक्निशियन. मी सातवीत शाळा सोडलेला, म्हणून त्यानंच मला सशांचे पिंजरे साफ करायच्या कामाला लावलं. उंदराच्या लिव्हरमध्ये कोलेस्टेरॉलचं पित्त करणारं एक एन्झाइम असतं. ते ओळखायला अँटिबॉडी लागते आणि ती दादा सशांच्या कानातून घेतलेल्या रक्तातून काढायचा. मग बाटल्यांत भरून, वर आपल्या नावाची चिठ्ठी लावून फ्रीजमध्ये ठेवायचा. तीन वर्षं तेच काम. तीन महिन्यांपूर्वी सक्करदऱ्याच्या वळणावर ट्रकनं त्याच्या सायकलला उडवलं.

*

सहा ससे मागवले तेव्हा ऑफिसातल्या मोठ्या बाबूंनी कागद परत पाठवला. "सहा काहून पाहिजे? एक जोडी घ्या, बाकीचे आपोआप होतीन!"

दादा तडक वर गेला. "बाबूजी, मले रक्त पाहिजे, बारसं नाही करायचं!"

*

एकदा आमच्या विभागप्रमुख सरांचे सासरे प्रयोगशाळा बघायला आले. दादानं समजावलं, उंदराचं एन्झाइम सशाला टोचलं की सशाचं रक्त त्याला परकं समजतं आणि त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं.

सासरे म्हणाले, "कोलेस्टेरॉलचंच हाय ना? मंग एक सुई मलेही टोच गा. तूप काही सुटत नाही."

"टोचतो ना, काकाजी! पण मंग दर पंधरा दिवसांनी कानातून रक्त द्या लागीन."

*

सर पिंजऱ्यांच्या खोलीत एकदाच आले, फोटोसाठी! नाकाला रुमाल. ससा हातात घेतला आणि सशानं त्यांच्या कोटावरच कार्यक्रम उरकला.

"घाबरला तो, सर," दादा म्हणाला. "नवीन माणूस हाय ना!"

तो फोटो वार्षिक अहवालात छापून आला. खाली सरांचं नाव. दादाचा फक्त पंजा दिसतो, सशाखाली धरलेला. मी भडकलो. दादा म्हणाला, "जाऊ दे गा. बाटल्याईवर तर नाव माझंच हाय."

*

शोकसभेत दोन मिनिटं उभं राहायचं होतं. वहिनी पहिल्या रांगेत. एक मिनिटही झालं नसेल, सर माझ्या कानाशी वाकले. "मनोहर, फ्रीजची किल्ली तुझ्याकडे आहे का रे?"

मी तिथेच ओरडलो, "सर, मले रडू तर द्या!"

मग किल्ली दिली. ती चूक माझी.

*

आठवड्यानं पाहतो तर दादाच्या सगळ्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या खरवडलेल्या! त्या जागी टाइप केलेल्या नव्या, सगळ्या एकसारख्या, सगळ्यांवर सरांचं नाव.

"सर, दादाचं नाव काहून काढलं?"

"अरे, ही खात्याची मालमत्ता आहे."

आता गंमत ऐका. पहिली सुई टोचण्याआधीही सशाचं थोडं रक्त काढून ठेवतात. त्यात अँटिबॉडी नसते, ते नुसतं तुलनेसाठी. कोणती बाटली आधीची आणि कोणती नंतरची, हे फक्त दादाच्या चिठ्ठीवर होतं. सरांनी तेच खरवडलं!

ही अँटिबॉडी बघायला दिल्लीहून शास्त्रज्ञ यायचे होते. सरांनी एका बाटलीतलं रक्त आणि लिव्हरचा अर्क जेलीच्या थरावर समोरासमोर ठेवून प्लेट लावून पाहिली. रक्तात अँटिबॉडी असली तर मध्ये पांढरी रेघ उमटायला हवी. उमटली नाही! मग मला बोलावणं. "मनोहर, खऱ्या बाटल्या कोणत्या, तुला ओळखता येतील?"

बघून मलाही ओळखता येत नव्हत्या. पण प्लेट लावायला दादानं मला शिकवलं होतं. मी एकेक बाटली तपासली. दुसऱ्या दिवशी काहींच्या समोर रेघ उमटली, काहींच्या नाही.

पाहुणे आले. सरांनी त्यांच्यासमोर ऐटीत फ्रीज उघडला. रेघ उमटली त्या बाटल्यांवर मी माझ्या वाकड्यातिकड्या अक्षरात दादाचं नाव लिहिलं होतं. ज्यांच्यात काहीच नव्हतं, त्यांच्यावर सरांचं टाइप केलेलं नाव तसंच राहू दिलं होतं.