बियाण्यावर बसलेलं वऱ्हाड

अकरावीच्या उन्हाळ्यात लातुरात दोनच प्रकारची पोरं सापडतात. एक क्लासला जाणारी, आणि दुसरी क्लासला चाललो म्हणून सांगून रसवंतीत बसणारी. शहराबाहेरच्या एका कृषी संशोधन केंद्रानं आमच्या वयाच्या पोरांसाठी उन्हाळी इंटर्नशिप काढली आणि मी घरी कोणाला न विचारता नाव देऊन मोकळी झाले.

आमचं गाव उदगीरजवळ. आण्णा, म्हणजे माझे वडील, ऐकून हसले ते हसलेच. "शेती शिकाया शेत सोडून लातूरला? अगं, इथं एवढं रान पडलंय. कर की त्यात इंटर्नशिप, खुरपं मी देतो." आई म्हणाली, उन्हानं काळी पडशील. जणू तोवर मी गोरीपान होते!

तरी गेले. पांढरा कोट मिळाला, तो गुडघ्याखाली यायचा. बियाण्याच्या प्रयोगशाळेत आमच्यावर एक मॅडम होत्या, मूळच्या कंधारकडच्या, तोंडानं महाफटकळ. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "कोट घातला म्हणून शास्त्रज्ञ होत न्हाई कुणी. हात धुवा आधी." मग उगवण चाचणी शिकवली. शंभर दाणे घ्यायचे, ओल्या कागदात गुंडाळायचे, आठवडाभर थांबायचं आणि किती उगवले ते बघायचं. एवढ्यालाच विज्ञान म्हणतात हे कळल्यावर माझा हिरमोडच झाला.

त्यांनी सगळ्यांना घरचं बी आणायला लावलं. मी तोऱ्यात आण्णांचं सोयाबीन नेलं. आण्णांच्या बियाण्याचा पंचक्रोशीत डंका होता. विकतच्या पिशवीला ते हात लावत नसत, आणि नुकत्याच झालेल्या ताईच्या लग्नात भर पंगतीत त्यांनी निलंग्याच्या व्याह्यांना शब्द दिला होता, "औंदा तुमच्या रानात माझ्या घरचं बी." व्याही खूश, पंगत खूश, आणि आण्णा तर मिशीतल्या मिशीत हसत होते.

आठवड्यानं कागद उलगडला. शंभरातले निम्मेसुद्धा उगवले नव्हते. सत्तर तरी लागतात. बाकीच्या पोरांच्या नजरा चुकवत मी म्हणाले, "मॅडम, पाणी कमी पडलं असंल." मॅडमनी एक दाणा भिंगाखाली धरला. "हे बघ, टरफलाला बारीक चिरा. सोयाबीनचं साल लई नाजूक असतंय बाई. पोतं आपटलं, वर वजन पडलं की आतला कोंब गेलाच. काय केलं काय तुम्ही ह्याच्यावर? नाचलात?"

अगदी तेच झालं होतं.

लग्नाच्या दिवशी वऱ्हाड सांगितल्यापेक्षा दुप्पट आलं. खुर्च्या संपल्या. पडवीत बियाण्याची पोती रचलेली होती आणि समोरच भाड्याचा कूलर गरगरत होता. मग काय! निलंग्याची सगळी वजनदार मंडळी पोत्यांवर चढून बसली. मधोमध खुद्द व्याही. अक्षता पडेपर्यंत कोणी खाली उतरलं नाही, आणि बँड सुरू झाल्यावर त्यांच्या पोरांनी पोत्यांवरच उड्या मारल्या. आण्णा दारातून बघत होते, पुढं होऊन परत मागं सरत होते. पण मुलाकडच्यांना 'उठा' कोण म्हणणार? आमच्याकडं वऱ्हाड विहिरीत उतरलं तरी वरून साबण देतात.

शनिवारी घरी येऊन मी निकाल सांगितला. आण्णा भडकले. "तुमच्या त्या एसीत बी घाबरलं असंल!" मग तीच चाचणी घरी करायला मी गोणपाट भिजवलं आणि म्हणाले, तुमच्या हातानं दाणे निवडा. त्यांनी एकेक दाणा मुलगी बघावी तसा पारखून ठेवला. पुढचा आठवडाभर, आई सांगत होती, कोणी बघत नाही असं बघून ते गोणपाट उचकटायचे आणि पुन्हा झाकायचे. मी परत आले तेव्हा ते त्याच्यापाशी उकिडवे बसले होते. निम्म्याच्या वर जागा मोकळ्या होत्या. मला फार वाईट वाटलं. जिंकल्याचा आनंद कसला डोंबलाचा!

"विकतचं आणून पेरू आपण," मी म्हणाले.

"आपलं होईल गं. निलंग्याचं काय? तिथं न्हाई उगवलं तर तुझ्या ताईला जलमभर ऐकावं लागंल. हिच्या माहेरचं बी वांझ, म्हणतील. आन् आता न्हाई म्हणलो, तरी शब्द फिरवला म्हणून तिलाच ऐकावं लागंल."

आणि दुसऱ्याच दिवशी व्याही टेम्पो घेऊन हजर. ताईही सोबत होती, डोक्यावर पदर. चहा झाला. टेम्पोवाला पोती उचलायला निघाला तसे आण्णा आडवे आले.

"पाव्हणं, ह्या बियाण्यात दम न्हाई. पोरीनं तपासलंय. तुमच्या रानात मी हे जाऊ देणार न्हाई."

व्याह्यांनी कप खाली ठेवला. "एवढं चांगलं बी, खराब कशानं झालं?"

"माझीच चूक. जागा दमट होती," आण्णा म्हणाले. मेच्या उन्हात, आमच्या पडवीत, दमट!

व्याही माझ्याकडं वळले. "तू शिकायलीस न्हवं? तू सांग. कशानं झालं?"

मी आण्णांकडं बघितलं. ते मान हलवत होते. आईनं डोळे वटारले. खरं बोलावं तर ताईच्या सासऱ्याचा भर दारात अपमान, खोटं बोलावं तर आण्णा कायमचे अडाणी ठरणार.

तेवढ्यात ताई बोलली. दाराला टेकून, पदर तसाच.

"मामा, लग्नात तुम्ही आन् आपली मंडळी त्या पोत्यांवर बसला होता. सोयाबीनवर वजन टाकायचं नसतंय. आण्णांना दिसत होतं, पण त्यांनी तुम्हाला उठवलं न्हाई."

आण्णांनी डोळेच मिटले. आता टेम्पो रिकामा जाणार आणि ताई मात्र इथंच राहणार, असं मला वाटलं.

व्याह्यांनी पोत्यांकडं बघितलं. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "खरं हाय का हे?"

"हाव मामा."

त्यांनी टेम्पोवाल्याला हातानंच थांबवलं. उठले, आण्णांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि सुनेकडं बघून म्हणाले, "तू आतून बघत होतीस?"

"हाव."

"मग पुढच्या बारीला तवाच सांगायचं. सगळ्यांच्या देखत."

ताईनं पदर जरा मागं सारला. "सांगन की," ती म्हणाली.