बर्फाखालचा ट्रे

अमेरिकेतल्या मेकन गावातल्या गिलियम कुटुंबात मॅकरोनी हा चेष्टेचा विषय नव्हता. थँक्सगिव्हिंगच्या सणाला टर्की कुणीही भाजो, मॅकरोनी कुणाच्या हातची हे विचारल्याशिवाय तिथे कुणी ताट पुढे करत नसे. एकतीस वर्षं उत्तर एकच होतं : अर्नेटा. तिची भावजय वर्डेल होरेसशी लग्न होऊन आली, तेव्हा हौसेनं एक ट्रे करून घेऊन आली होती. अर्नेटानं एक घास खाल्ला आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "बाळ, पुढच्या वेळी तू बर्फ आण. आणि कागदी ताटं." आता जेवण वर्डेलच्याच घरी व्हायचं, तरी तिच्याकडे पेयांचा बर्फ आणि ताटंच, मॅकरोनी नाही.

अर्नेटाची रीत कडक. चीजची वडी घरीच किसायची. पाकिटातलं किसलेलं चीज वापरणाऱ्याला ती माणसांत धरत नसे. मॅकरोनी जरा कच्ची ठेवायची, दूध-चीजचं दाट मिश्रण बोटानं चाखत मीठ घालायचं, मग अंडी, मग थरावर थर, आणि कडा तांबूस होईपर्यंत ओव्हनमध्ये. माप म्हणजे जीभ. तीच जीभ दोन हिवाळ्यांपूर्वीच्या तापात गेली. ना वास, ना चव. तिनं कुणाला कळू दिलं नाही. त्या घरातला तिचा मान त्या ट्रेवर तर उभा होता! गेल्या वर्षी ट्रे चाटूनपुसून रिकामा झाला, तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. हाताला सवय आहे, असं तिनं स्वतःला समजावलं.

यंदा पानं वाढायच्या वेळी ती गॅरेजमधल्या पेटीतून बर्फ काढायला गेली. पिशवी उचलली आणि जागच्या जागी थिजली. खाली मॅकरोनीचा ट्रे होता. कोपऱ्यात काट्यानं ओढलेल्या तीन रेघा. तिची नेहमीची खूण.

मग टेबलावर तिच्या नावाची पट्टी लावून झाकलेलं काय होतं?

"ताई, तुम्ही कशाला आलात इकडे?" मागून वर्डेलचा आवाज आला.

"माझं नाव तुझ्या ट्रेवर? चोरी करायला तुला माझीच मॅकरोनी सापडली?"

"चोरी नाही हो."

"मग काय, मान दिलास मला?"

"मीठ, ताई." वर्डेल खाली बघत म्हणाली. "गेल्या वर्षी गरम करताना मी कोपरा खरवडून खाल्ला. गिळवेना, इतकी खारट. पोरांनी तुमची टर उडवली असती. होरेससाठी केलेला ट्रे घरात होता, तो तुमच्या नावानं ठेवला. यंदाही तसंच. तुम्हाला चव लागत नाही ना?"

अर्नेटाला भलत्याच गोष्टीचा धक्का बसला. "होरेससाठी? माझा भाऊ तुझी मॅकरोनी खातो?"

"एकतीस वर्षं. चोरून."

अर्नेटा बर्फाच्या पेटीवरच बसली. संताप यायला हवा होता, पण आली ती लाज. मग ती उठली आणि बर्फ घेऊन आत गेली.

"नेटाआत्या, वाढा ना, भूक लागलीय!" भाची जनेल ओरडली.

अर्नेटानं झाकणावरची आपल्या नावाची पट्टी ओरबाडून काढली. "ही वर्डेलनं केलीय. गेल्या वर्षीचीही तिचीच होती."

पुढे आलेली ताटं मागे गेली. होरेसनं मात्र मान खाली घालून आपलं ताट सरकवलं. "मला कोपरा दे."

"तुझ्याशी नंतर बोलते मी," अर्नेटा म्हणाली. "आणि पुढच्या वर्षी बर्फ मी आणणार."

कुणाचाच विश्वास बसेना. तेव्हा अर्नेटानं सगळ्यांसमोर मोठा घास घेतला. तोंडात नुसतं गरम आणि मऊ लागलं, बाकी काही नाही. वर्डेल तिच्या तोंडाकडे बघत होती, एकतीस वर्षांपूर्वी बघत होती तशीच.

"मीठ बरोबर आहे," अर्नेटा म्हणाली.