पट्टा

"फेकाचं नाई. आधी पाहू तं द्या."

आमच्या कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत कोणाच्याही हातून काही मोडलं, की मागून हे वाक्य यायचंच. मग तिथले परिचर, ज्यांना सगळे भाऊ म्हणत, ती वस्तू हातात घेत, उलटी करत, तिच्यावर फुंकर मारत आणि आजारी माणसाकडे पाहावं तसं तिच्याकडे पाहत. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांच्यासमोर तुटलेली वस्तू ठेवायचीही थोडी भीती वाटते, कारण ती दुरुस्त झाल्याशिवाय ते आपल्याला जाऊ देत नाहीत.

कॉलेजच्या गिर्यारोहण मंडळाची सहल नेपाळला निघाली, तेव्हा सरांनी भाऊंनाही सोबत घेतलं. नेपाळला जायला पासपोर्ट लागत नाही, पण नागभीडजवळच्या आमच्या गावाच्या लेखी मी 'फॉरेन'ला निघाले होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मीच पहिली. आईने एकच गोष्ट मागितली होती. "बर्फात उभी राहून फोटो काढ. बूट दिसले पाह्यजे."

हे बूट तिने तीन वर्षांपूर्वी भातरोवणीला जाऊन माझ्यासाठी घेतले होते. जपायचे म्हणून मला कधी घालू दिले नव्हते.

भाऊंकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात दाभण, मेणाचा दोरा, तार आणि सायकलच्या ट्यूबचे तुकडे. सीमेवर शिपायाने तो उघडून विचारलं, "ये क्या है?"

"दवाखाना है साहेब."

पुढच्या दहा मिनिटांत शिपायाची टॉर्च दुरुस्त झाली आणि आमच्या एकाही बॅगेची तपासणी झाली नाही.

खरा गोंधळ डोंगरावर झाला. दुसऱ्या मुक्कामाला लॉजच्या बाकावर एका गोऱ्या आजीबाईंची चालायची काठी पडली होती. तिचे तीन तुकडे आतल्या दोरीने एकमेकांना लटकत होते. आजीबाई आत सूप पीत होत्या. भाऊ हळहळले. "एवढ्या दूर आली बिचारी, अन् काठी तुटली." त्यांनी बांबूच्या कामट्या शोधल्या, तुकडे सरळ केले, कामट्या लावल्या आणि सगळी तार, सगळी ट्यूब वापरून काठी करकचून बांधली.

आजीबाई बाहेर आल्या. भाऊंनी दोन्ही हातांनी काठी पुढे केली. "घ्या बाई! आता हत्ती टेकला तरी नाई मोडत."

ती घडीची काठी होती. घडी करून बॅगेत ठेवायची. मी अडखळत्या इंग्रजीत त्यांना सगळं समजावून सांगितलं, तेव्हा आजीबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. भाऊ मात्र लाजून लाल झाले.

"म्हणजे तुटली नव्हती काय?"

"नाही भाऊ."

"मंग तू आधी काऊन नाई सांगतलं?"

ते कामट्या सोडायला लागले, पण आजीबाईंनी काठी दिली नाही. त्या ती टेकत टेकत निघूनही गेल्या.

त्याच संध्याकाळी माझ्या दोन्ही बुटांचे तळ निघाले. भाऊंनी एक बूट नाकाशी नेला. "धुराचा वास येऊन राह्यला. कुठी ठेवले होते?"

"चुलीवरच्या माळ्यावर. बियाण्याजवळ. कीड लागू नये म्हणून."

"बाप्पा! कीड नाई लागली, पण गोंद भाजला नं पोरी."

सर म्हणाले, "उद्या खिंड आहे. तू इथेच थांब." मी मान हलवली. मला रडायचं नव्हतं, पण आईला काय सांगायचं ते सुचत नव्हतं. भाऊंनी उजव्या बुटाचा तळ दाभणाने शिवला आणि दोरा संपला. डब्यात पाहिलं, तर तार नाही, ट्यूब नाही. सगळं आजीबाईंच्या काठीबरोबर गेलेलं. भाऊ लॉजच्या मागे गेले आणि एक चामड्याची पट्टी घेऊन आले. डाव्या बुटाला ती वरून-खालून आवळली. टोकं मोज्याच्या आत खोचली. "चाल आता. सरांकडे पाहू नको."

सकाळी मी खिंडीत पोहोचले. सगळीकडे बर्फ. सर ओरडले, "फोटो! सगळ्यांनी दोन्ही हात वर!"

भाऊंचा एकच हात वर गेला.

"भाऊ, दुसरा!"

"घ्या न जी असाच."

"अहो, दोन्ही!"

"इज्जत राहू द्या जी माणसाची!"

आम्ही सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी पँट कमरेशी मुठीत धरली होती. मग मी माझ्या डाव्या पायाकडे पाहिलं. मोजा खाली सरकला होता आणि पितळी बक्कल उन्हात चमकत होतं.

मी खाली वाकले, तर भाऊ ओरडले, "हात नको लावू! उतरणं बाकी आहे." दोन दिवस ते तसेच, एक हात कमरेवर ठेवून, डोंगर उतरले.

गेल्या वर्षी भाऊ सेवानिवृत्त झाले आणि सिरोंच्याकडे मुलीजवळ राहायला गेले. प्रयोगशाळेत आता काही मोडलं, की ती वस्तू सरळ भंगाराच्या यादीत जाते.

फोटो आमच्या घरी भिंतीवर आहे. आई येणाऱ्याला आधी बर्फ दाखवते, मग बूट. पाहुणा विचारतोच, "या भाऊचं पोट दुखून राह्यलं होतं काय?" मग आई सगळं सांगते आणि स्वतःच आधी हसते. पण पाहुणा फारच हसायला लागला, की ती फोटो पदराने पुसते आणि म्हणते, "बस झालं. मोठा माणूस हाय तो."