दहा शेअरचा मालक

श्रावण खोब्रागडेचा पगार कळावा म्हणून मी त्याच्या कंपनीचे दहा शेअर विकत घेतले. सत्त्याण्णव साल होतं. नागपूरचा दलाल म्हणाला, दहा शेअर कुणी घेतं का, निदान शंभर तरी घ्या. मी म्हटलं, दहाच. मला नफा नको होता, मला आकडा हवा होता.

श्रावण आणि मी ब्रह्मपुरीच्या एकाच शाळेतले. त्याचा बाप, लच्छू, राईस मिलमध्ये पोती वाहायचा, माझे अब्बा त्याच मिलमध्ये मुनीम. शाळेत नाव घालताना गुरुजींनी दोघांचीही जन्मतारीख एक जुलै लिहून टाकली. बी.कॉम.ला मला अकाउंटन्सीत अठ्ठ्याहत्तर मार्क, त्याला एकाहत्तर. हे मी मुद्दाम सांगतोय. त्याचा ताळेबंद जुळला नाही की तो वही घेऊन माझ्याकडे यायचा आणि मी चुकीवर बोट ठेवायचो. पुढे अब्बांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला आणि मी त्यांच्या गादीवर बसलो. श्रावण नागपूरला गेला, दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा सी.ए. झाला आणि मुंबईत चढत चढत एका सिमेंट कंपनीचा सी.एफ.ओ. झाला. कंपनीचा एक कारखाना कोरपन्याकडे. म्हणजे धूळ आमच्या जिल्ह्यात आणि साहेब मुंबईत.

एकदा तो आईला, गिरजाबाईला, भेटायला आला होता. तेव्हा मी विचारलं, "सी.एफ.ओ. म्हंजे काम काय असते गा?"

"कंपनीले पैसा कुठून आणाचा, कवा आणाचा, किती व्याजानं पडते, कुठी लावाचा, ते पाहाचं. दर तीन महिन्यांनी हिशेब लोकांपुढं ठेवाचा. अन् त्याच्याखाली सही कराची."

"मंग मी काय वेगळं करतो? धान निघाच्या आधी शेठसाठी बँकेतून पैसा मीच आणतो."

"तेच काम हाये गा जाहिद," तो हसला. "शून्यं जास्त, बस."

त्याला वाटलं, आपण बरोबरीचं बोललो. माझ्या मात्र अंगाचा तिळपापड झाला.

शेअर घेतल्यावर दरवर्षी कंपनीचा अहवाल घरी यायला लागला. त्यात सगळं होतं, पगार नव्हता. शेवटी बारीक अक्षरात एक ओळ असायची: मोठ्या पगाराच्या माणसांची यादी सोबत जोडलेली नाही, ज्या भागधारकाला पाहिजे त्याने कंपनी सेक्रेटरीला लिहावं. मी लिहिलं. आंतरदेशीय पत्रावर, माझ्या शेअरचा फोलिओ नंबर टाकून, सुवाच्य अक्षरात. पंधरा दिवसांत लिफाफा आला. नाव, वय, शिक्षण, अनुभव, आधीची नोकरी आणि शेवटच्या रकान्यात मिळकत. पगार, घरभाडं, गाडी, फंड आणि वर नफ्यावरचं कमिशन. नफा वाढला की साहेबांचं कमिशनही वाढायचं.

नव्व्याण्णव साली चौदा लाख. दोन हजार एकला एकोणीस. दोन हजार तीनला एकतीस लाख! मिलमध्ये मला महिन्याला बेचाळीसशे मिळायचे. मी भागाकार केला. त्याच्या एका दिवसात माझे दोन महिने बसत होते. वयाच्या रकान्यात मात्र दरवर्षी माझंच वय छापलेलं असायचं. तो कागद मी कुराणशरीफच्या खालच्या फळीवर ठेवायचो आणि आठवड्यातून एकदा तरी काढून बघायचो. रशिदा, माझी बायको, म्हणायची, "पोटात दुखते तं पाहता काऊन?" तिला काय सांगणार? श्रावण एकदा तरी खाली यावा, एवढीच माझी इच्छा होती. हे मी लपवत नाही.

दोन हजार चारच्या ऑगस्टमध्ये लिफाफा आला. श्रावणच्या नावापुढे एक चांदणी होती. खाली खुलासा: वर्षाचा काही भागच नोकरीत. म्हणजे साहेबांना काढलं! मी कागद दोनदा वाचला, खिशात घातला आणि सरळ मिठाईच्या दुकानात गेलो. घरी पाव किलो जिलेबी ठेवली. रशिदा म्हणाली, "आज कोनाचं लग्न हाये?" उरलेली पाव किलो घेऊन मी गिरजाबाईकडे निघालो. तिचं तोंड मला बघायचं होतं, एवढा मी चांगला माणूस.

ओसरीत खाटेवर श्रावण बसला होता. बनियनवर. आईचा चष्मा दोऱ्यानं बांधत होता.

"आलं का पत्र?" त्यानं विचारलं.

माझ्या हातातली जिलेबी तशीच राहिली. "कोनतं पत्र?"

"यादीचं. साऱ्या कंपनीत ते यादी मांगनारा एकच माणूस. सेक्रेटरी मले दाखवे, म्हणे, हा ब्रह्मपुरीवाला कोन हाये? मी म्हणो, लौकर पाठवा त्याले."

तोंडात मारल्यासारखं झालं. सात वर्षं त्याला माहीत होतं. गिरजाबाई आतून पाण्याचा गडवा घेऊन आली. "बस बाबू," म्हणाली, "यानं सोडली ना नवकरी."

"काढलं नाई?"

"जानेवारीत हिशेब होता," श्रावण म्हणाला. "गोदामात कोळसा नवता, कागदावर पायजे होता. नफा फुगला असता, तं माझं कमिशनबी फुगलं असतं. मालक म्हणे, सही कर. पेन हातात घेतला होता मी, जाहिद. खोटं काऊन बोलू? मंग वाटलं, जुलैत या जाहिदचं पत्र येईन. हा पाहीन. कॉलेजात कसा बोट ठेवत जाय, तसा ठेवीन. नाई केली सही."

मी खाटेच्या कडेला टेकलो. तो म्हणाला, "आता चंदरपूरले ऑफिस टाकतो लहानसं. तू दरवर्षी तपासून राह्यला, म्हणून टिकलो गा."

गिरजाबाईनं जिलेबीचा पुडा उघडला आणि पहिली जिलेबी माझ्याच तोंडात घातली. मी ती गिळली. नाही म्हणायला तोंड तरी कुठे होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठनं मालसाठ्याचा तक्ता माझ्यापुढे सरकवला. बँकेत तो दर महिन्याला जातो, जितकी पोती तितकं कर्ज, आणि 'तयार करणारा' म्हणून खाली माझी सही असते. गोदामात धानाची पाचशे पोती होती. शेठ म्हणाले, "आठशे लिही." गेली वीस वर्षं ते सांगतील ती पोती मी लिहितो. मी पेन काढलं आणि थांबलो. श्रावणचं तोंड आठवलं, बनियनवरचं. ती नोकरी सोडून आलेलं तोंड माझ्यापेक्षा बरं दिसत होतं, आणि एकतीस लाखांवर कधी जळलो नव्हतो एवढा मी त्या तोंडावर जळलो.

त्याला निदान माझी धास्ती होती. माझ्या सहीवर डोळा ठेवायला कुणी दहा शेअर घेतले नव्हते.

"काय झालं गा?" शेठनं विचारलं.

"काई नाई," मी म्हणालो, आठशे लिहिले आणि सही केली.